मकिता की बॉश? बॅटरी एकच, हत्यारं अनेक

बॅटरीवर चालणारं ड्रिल घ्यायला निघालेला मित्र मकिता आणि बॉश या दोन कंपन्यांपाशी अडकलाय. त्याला म्हटलं, तू ड्रिल निवडत नाहीयेस, बॅटरी निवडतोयस. पुढची सगळी हत्यारं त्याच बॅटरीवर चालणारी घ्यावी लागणार.

आधी व्होल्टचा घोळ. काही डब्यांवर १८ असतं, काहींवर २० मॅक्स. आत तेच एकापुढे एक जोडलेले पाच सेल: प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की १८, पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४ धरले की २०. ताकदीत फरक शून्य.

मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिका २००५पासून चालू आहे. पसारा प्रचंड, साखळी करवत, ब्लोअर, गवत कापायचं यंत्रसुद्धा. जड यंत्रांत याच दोन बॅटऱ्या जोडून ३६ व्होल्ट मिळतात. मात्र मकिताच्याच नव्या ४० व्होल्टच्या एक्सजीटी मालिकेची बॅटरी एलएक्सटीत बसत नाही.

बॉशची गोम रंगात. निळी व्यावसायिकांसाठी, हिरवी घरगुती. दोन्ही १८ व्होल्ट, तरी बॅटऱ्या अदलाबदल होत नाहीत. निळ्यात १२ अँपिअर-तासापर्यंतची (हा आकडा जितका मोठा, तितकी बॅटरी जास्त वेळ टिकते) बॅटरी मिळते, एलएक्सटीत साधारण ६. पण मोठी बॅटरी म्हणजे वजन, आणि शिडीवर हात वर करून भोक पाडताना ते लगेच कळतं. निळी बॅटरी फाइनसारख्या इतर कंपन्यांच्या हत्यारांतही चालते.

खर्चात दोघंही सारखेच छळतात: नुसतं यंत्र स्वस्त, बॅटरी महाग. पहिल्यांदा दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा संच घ्यावा, पुढे नुसती यंत्रं.

सुतारकामाबरोबर बागही सांभाळायची तर मकिता. सलग ग्राइंडर चालवणाऱ्याला निळी बॉश. वर्षातून चार खिळे ठोकणाऱ्याला हिरवी पुरे.