पापुन्या तुला गॅलरी, अ‍ॅलिस स्प्रिंग्स: अ‍ॅबोरिजिनल चित्र घ्यायचंय? आधी इथे जा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्सला जाणार असाल तर टॉड मॉलमधली पापुन्या तुला गॅलरी बघाच, आणि अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, चित्र घ्यायचा विचार असेल तर दुसरीकडे कुठेही कार्ड स्वाइप करायच्या आधी बघा. कारण एकच, ही कंपनी चित्रकारांच्याच मालकीची आहे. १९७१ मध्ये पापुन्या वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर तिथल्या पुरुषांनी मधमुंगीचं चित्र काढलं, जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक त्यांच्यामागे उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी चित्रकारांनी कंपनी काढली, ती अजून त्यांचीच आहे.

चित्रं येतात ती मुख्यतः किंटोर आणि किविरकुरा इथून, अ‍ॅलिसच्या पश्चिमेला पाचशे-सातशे किलोमीटरवर वाळवंटात. युकुल्जी नापांगातींचं एखादं मोठं कॅनव्हास समोर आलं तर पुढे जाऊ नका, थांबा. बारीक बारीक ठिपक्यांच्या रेषा, लांबून बघितलं तर सगळं कॅनव्हास हलतंय असं वाटतं, जवळ गेलात की एकेक ठिपका हाताने ठेवलेला दिसतो, परत मागे आलात की वाळूच्या टेकड्या. ह्या बाई १९८४ मध्ये कुटुंबातल्या इतर आठ जणांबरोबर वाळवंटातून बाहेर आल्या, तोपर्यंत बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता, आणि निसर्गचित्रासाठीचा २०१८ चा विन प्राइझ त्यांना मिळाला. माझ्या मते आज ऑस्ट्रेलियात लॅंडस्केप इतकं जिवंत रंगवणारं फार कोणी नाही.

चित्राबरोबर कागद मिळतो तो नीट वाचा. चित्रकाराचं नाव, जागा, गोष्ट, आणि कॅटलॉग नंबर, ज्यात नावाची आद्याक्षरं आणि वर्ष-महिना असतो. तिंगारीच्या, म्हणजे वाळवंटातून फिरलेल्या पूर्वजांच्या पवित्र कथांच्या, चित्रांवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हा विषय गुप्त आहे, जास्त माहिती दिलेली नाही. काही लोकांना ते खटकतं, पैसे देऊन अर्धीच गोष्ट का म्हणून, पण मला तेच बरोबर वाटतं, सुरुवातीच्या काही चित्रांत पवित्र गोष्टी उघड झाल्या म्हणून समाजात मोठा वाद झाला होता, त्यामुळे काय दाखवायचं ते आता तेच ठरवतात.

किमतींबद्दल: लहान ६१ बाय ५५ सेंटीमीटरचं लिनन घेतलं तर खिशाला झेपू शकतं, मोठ्या नावाचं मोठं कॅनव्हास म्हणजे सरळ हजारो डॉलर. घासाघीस करू नका प्लीज. हा पैसा कुठे जातो त्याचं एकच उदाहरण देते, २००० साली ह्याच चित्रकारांनी चित्रं लिलावाला दिली, दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले आणि त्यातून किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झालं, नाहीतर किडनीच्या पेशंटला घरदार, माणसं सगळं सोडून अ‍ॅलिसला येऊन राहावं लागायचं. हे वाचल्यापासून मी ह्या चित्रांकडे वेगळ्याच नजरेने बघते.

बाकी शहरांत टुरिस्ट दुकानांमधून मात्र सांभाळून. ऑस्ट्रेलिया सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे अ‍ॅबोरिजिनल म्हणून विकल्या जाणाऱ्या सुवेनिरपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश खोटी आहेत, म्हणजे त्यात अ‍ॅबोरिजिनल माणसाचा हातच नाही. गॅलरी कुठलीही असो, विचारा की चित्र कुठल्या आर्ट सेंटरकडून आलं, चित्रकाराला किती मिळाले, आणि दुकान इंडिजिनस आर्ट कोडचं, म्हणजे चित्रकारांशी सचोटीने व्यवहार करायच्या नियमावलीचं, सदस्य आहे का. चांगला डीलर ह्यावर आनंदाने बोलतो, जो "सर्टिफिकेट आहे ना" एवढंच म्हणतो तिथून निघा. पुढे कधी तुम्ही ऑस्ट्रेलियात डीलरमार्फत किंवा लिलावात ते चित्र हजार डॉलर किंवा जास्तीला विकलंत तर कायद्याने पाच टक्के चित्रकाराला जातात, २०१० पासून, तेव्हा बिल आणि कागद जपून ठेवा.

कॅनव्हास गुंडाळून नेता येतं, फ्रेमवाल्याकडून घरी ताणून घ्या. आणि गॅलरीत फोटो काढायच्या आधी विचारा.