लंडनचं वेस्ली चॅपल: घर बघाच, पण आधी ते खांब बघा

लंडनला जाणाऱ्या आपल्या मेथोडिस्ट मंडळींनी (म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लींपासून सुरू झालेल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती शाखेतल्या), आणि मिशनच्या इतिहासात रस असलेल्या कुणीही, सिटी रोडवरचं वेस्ली चॅपल चुकवू नये म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. ओल्ड स्ट्रीट स्टेशनवरून चालत जाता येतं. आम्ही दोनदा गेलो, कारण पहिल्या वेळी ज्या टूरवाल्यांबरोबर होतो त्यांनी जेमतेम चाळीस मिनिटं दिली, बस उभी करायला जागा नाही म्हणून नुसती घाई, फोटो काढा आणि चला. मला इतकी रुखरुख लागली की रविवारी बाकीचा ग्रुप खरेदीला गेला तेव्हा मी आणि आमचे हे परत तिथे उपासनेला गेलो, आणि फार बरं झालं गेलो ते.

आत शिरल्या शिरल्या अंगणात जॉन वेस्लींचा पुतळा आहे, त्याच्याखाली त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य, सगळं जग माझी पॅरिश, म्हणजे पाळकाला नेमून दिलेली हद्द, आहे. हे आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकतो पण त्याचा संदर्भ कुणी सांगत नाही. 1739 साली त्यांच्यावर आक्षेप असा होता की तुम्ही दुसऱ्या पाळकांच्या हद्दीत जाऊन प्रचार का करता, तुमची पॅरिश कुठली ते सांगा. त्याला दिलेलं हे उत्तर आहे. म्हणजे आज आपण ज्याला देशादेशांच्या सीमा ओलांडून मिशन म्हणतो त्याची सुरुवात शेजारच्या गावाची हद्द ओलांडण्यातून झाली, हे मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

शेजारी वेस्लींचं घर आहे. प्रार्थनेची छोटी खोली, त्यांचं विजेने उपचार करायचं मशीन, आणि 2 मार्च 1791 ला ते गेले तेही याच घरात. टूरवाले नेमकं हेच दाखवतात आणि लोक इथेच भारावून जातात, मीही गेले, खोटं कशाला बोलू. पण वेळ कमी असेल तर माझं म्हणणं ऐका, आधी चॅपलमध्ये जा आणि गॅलरीखालचे खांब बघा.

हे चॅपल 1 नोव्हेंबर 1778 ला उघडलं. तेव्हा गॅलरीला आधार होता जहाजांच्या डोलकाठ्यांचा, राजा तिसऱ्या जॉर्जने दिलेल्या. पुढे 1891 मध्ये वेस्लींच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या सुमारास त्या काढून जॅस्पर दगडाचे खांब बसवले, आणि ते खांब दिले परदेशातल्या मेथोडिस्ट चर्चेसनी. म्हणजे बघा, ज्या घरातून मिशनरी बाहेर पडले त्याच घराचा सज्जा शंभर वर्षांनी बाहेरच्या मंडळ्यांनी उचलून धरला, जशा लेकी सासरी नांदून मोठ्या होतात आणि एक दिवस माहेरचं घर सावरायला उभ्या राहतात तसं. जुन्या डोलकाठ्या टाकून दिल्या नाहीत, बाहेरच्या व्हरांड्यात ठेवल्यात, त्याही बघा. मी एका खांबाला हात लावून बराच वेळ उभी होते, हे म्हणाले चल आता, पण मला हलवेना. आणि असं एकदाच नाही झालं. 1972 मध्ये इमारत धोकादायक झाली म्हणून बंद करावी लागली, तेव्हाही जगभरच्या मेथोडिस्टांनी पैसे दिले आणि बरोबर दोनशे वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1978 ला, राणी एलिझाबेथच्या उपस्थितीत ती परत उघडली.

खाली तळघरात म्युझियम ऑफ मेथोडिझम आहे. तिथे जायच्या आधी थोडं वाचून जा, म्हणजे नावं ओळखीची वाटतात. मी स्वतः दोन गोष्टी मनात घेऊन फिरत होते. एक वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटाची. नॅथानिएल गिल्बर्ट नावाचा तिथला मळेवाला इंग्लंडमध्ये वेस्लींचं ऐकून बदलला आणि 1760 मध्ये अँटिग्वाला परत जाऊन आपल्याच घरात सभा घ्यायला लागला. पण त्याच्या मळ्यावर गुलाम होते, हेही तितकंच खरं आणि ते सोडून ही गोष्ट सांगू नये. तो 1774 मध्ये वारला आणि मग ती मंडळी कुणी जिवंत ठेवली तर मेरी अ‍ॅली आणि सोफिया कॅम्पबेल या दोघी बायकांनी, चार वर्षं, ना पाळक ना मिशन संस्थेचा पैसा! 1778 मध्ये जॉन बॅक्स्टर हा गोदीतला जहाजबांधणी करणारा माणूस तिथे कामाला आला तेव्हा त्याला मंडळी आयती तयार मिळाली. म्हणजे ज्या वर्षी लंडनमध्ये हे चॅपल उघडलं त्या वर्षी तिकडे समुद्रापलीकडे दोघींच्या जिवावर मंडळी उभी होती. आपल्याकडे मिशनचा इतिहास म्हटलं की गोऱ्या साहेबांची यादी वाचतात, या दोघींची नावं यायलाच हवीत.

दुसरी गोष्ट वेस्लींचे सहकारी डॉ. थॉमस कोक यांची. 1786 मध्ये ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला निघाले होते, वादळाने जहाज भरकटलं आणि नाताळच्या दिवशी पोचले कुठे तर अँटिग्वाला! तिथून वेस्ट इंडीजचं काम वाढलं. म्हातारपणी त्यांना आशियाची ओढ लागली, कॉन्फरन्स, म्हणजे मेथोडिस्ट पाळकांची वार्षिक सभा, म्हणाली खर्च झेपणार नाही, तर ते म्हणाले सहा हजार पौंडांपर्यंतचा खर्च मी माझ्या खिशातून करतो. 3 मे 1814 ला सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, वाटेवर हिंदी महासागरात जहाजावरच ते गेले, सोबतचे तरुण मिशनरी पुढे जाऊन गॉलला उतरले. मला हे आठवलं की अजून भरून येतं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं टाइप करतेय. 1881 च्या सप्टेंबरमध्ये याच चॅपलमध्ये जगभरच्या मेथोडिस्ट चर्चेसची पहिली एकत्र कॉन्फरन्स भरली. एकमेकांपासून फुटून निघालेल्या शाखाही त्यात होत्या, आणि त्यातूनच आजची वर्ल्ड मेथोडिस्ट काउन्सिल उभी राहिली. आज तिच्यात 80 च्या आसपास चर्चेस आहेत, 130 पेक्षा जास्त देशांतली, 2024 ची कॉन्फरन्स स्वीडनमध्ये गोथेनबर्गला झाली. आपल्यातले बरेच जण अजून असं धरून चालतात की पश्चिमेने द्यायचं आणि आपण घ्यायचं. मला हे पटत नाही आणि इतिहासालाही पटत नाही. सिंगापूरचंच घ्या. विल्यम ओल्डहॅम हा बंगलोरला जन्मलेला सरकारी सर्व्हेअर, पुण्यात मेथोडिस्ट सभांमधून विश्वासात आला, आणि 1885 मध्ये साउथ इंडिया कॉन्फरन्सने अमेरिकन मिशनरी थोबर्नसाहेबांबरोबर त्याला सिंगापूरला पाठवलं. पाठवणारी मंडळी भारतातली होती! पुढच्याच वर्षी त्याने तिथे 13 मुलांची शाळा सुरू केली, ती आजही अँग्लो-चायनीज स्कूल म्हणून चालू आहे. आणि आता सिंगापूरचं मेथोडिस्ट चर्च नेपाळ, थायलंड, तिमोर-लेस्तेमध्ये काम करतं. कंबोडियात तर अमेरिकेचं, कोरियाचं, सिंगापूरचं आणि चिनी मेथोडिस्टांचं काम आधी वेगवेगळं चालायचं, मग सगळ्यांनी मिळून एकच चर्च उभारायचं ठरवलं, कारण नाहीतर एकाच गावात चार नावांच्या चार मंडळ्या झाल्या असत्या. हे सोपं नसतं हो, पैसा कुणाचा, नियम कुणाचे, पाळकांचं शिक्षण कुठल्या पद्धतीने, प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मागे सरकावं लागतं. मला विचाराल तर मागे सरकण्याची ही तयारी पैशांपेक्षा महत्त्वाची.

रविवारच्या उपासनेबद्दल. इमारत साधी आहे, कॅथेड्रलसारखी भव्यता शोधत असाल तर नाही मिळणार. पण मंडळी बघा! पश्चिम आफ्रिकेचे लोक, कॅरिबियन कुटुंबं, इंग्रज आजी-आजोबा, आमच्यासारखे वाटेवरचे पाहुणे, सगळे एका बाकावर. गाणी जॉनचे भाऊ चार्ल्स वेस्लींची, चाली ओळखीच्या, मी शब्द मराठीत गुणगुणत होते आणि कुणाला खटकलं नाही. माझ्या शेजारी घानाच्या एक बाई होत्या, डोक्याला सुंदर निळं कापड बांधलेलं. प्रभूची प्रार्थना आली तेव्हा मी हळूच हे आमच्या स्वर्गातील पित्या असं सुरू केलं तर त्याही आपल्या भाषेत म्हणत होत्या, आमेन मात्र दोघींचं एकदमच आलं. नंतर चहाच्या वेळी त्यांनी विचारलं तुमच्याकडे मेथोडिस्ट कधीपासून, मी म्हटलं मुंबईत अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर यांच्या सभा झाल्या त्याला दीडशे वर्षं होऊन गेली, त्या म्हणाल्या आमच्याकडे त्याही आधीपासून, आणि दोघी हसलो.

बाकी किरकोळ सांगायचं तर मार्गारेट थॅचर यांचं लग्न 1951 मध्ये इथे झालं, त्यांनी दिलेलं प्रभुभोजनाचं कठडं आहे, त्यात मला फार रस नाही. पुरुषांचं टॉयलेट व्हिक्टोरियन काळातलं आहे आणि ते बघायला लोक येतात म्हणे, आमचे हे बघून आले आणि खूश होते. मागच्या बाजूला वेस्लींची कबर आहे, तिथे शांत बसता येतं. किमान अडीच-तीन तास ठेवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आणि रस्ता ओलांडून समोरच्या बनहिल फील्ड्स कबरस्तानात नक्की जा, तिथे सुझाना वेस्ली, म्हणजे वेस्लींच्या आई, पुरलेल्या आहेत. 1712 मध्ये यजमान लंडनला असताना त्यांनी घरातच रविवार संध्याकाळची प्रार्थना सुरू केली, बघता बघता गावातले दोनशे लोक जमायला लागले. ही हिंमत त्यांना कशातून आली तर एका वृत्तांतातून, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले जर्मन मिशनरी भारतात तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला काय काम करत होते त्याचा. जॉन तेव्हा आठ वर्षांचा होता.