आग विझवायचा सिलेंडर घरासाठी एबीसी घ्यावा की सीओटू? आणि दुकानाला काय घ्यावं?

दुकानदाराला विचाराल तर तो डोळे झाकून सांगणार, "एबीसी घ्या, सगळ्याला चालतो." खोटं नाहीये ते. ए म्हणजे लाकूड-कागद-कापड, बी म्हणजे पेट्रोल, थिनर असले पदार्थ, सी म्हणजे गॅस, आणि करंट चालू असलेल्या वस्तूवर पण त्यातली पावडर मारता येते. पण आग विझल्यावर काय होतं ते तो सांगत नाही, ते मला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कळलं.

यूपीएसच्या मागे वायर पेटली, जाळ वीतभर. मी 4 किलोचा एबीसी उचलला, पिन ओढली आणि दाबला. आग दोन सेकंदात गेली पण मी घाबरून दाबतच राहिलो, मग समोरचं दिसेना, सगळीकडे पिवळट पावडर, कॉपियरच्या रोलरमधे, कीबोर्डमधे, एका गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. त्यात पावसाळा. ती पावडर म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, ओल धरली की सर्किट बोर्ड खाते. यूपीएस गेलाच होता, वर महिन्याभरात मशीनही गेलं.

तिथे सीओटू पाहिजे होता. नुसता कार्बन डायऑक्साइड गॅस, मारला आणि उडून गेला, मागे झाडलोट नाही. कॉम्प्युटर, सर्व्हर, इलेक्ट्रिक पॅनेल, मेडिकल मशीन असेल तर बिनधास्त सीओटू. पण त्याचे नखरे आहेत. कागदाच्या गठ्ठ्यावर, गादीवर वरवर विझतं आणि आतला निखारा परत पेटतो, उघड्यावर वाऱ्याने गॅस उडून जातो, छोट्या बंद खोलीत मारला तर स्वतः लगेच बाहेर यायचं नाहीतर गुदमराल. पुढचा काळा भोंगा धरायचा नाही, तो इतका गार होतो की हात भाजल्यासारखा होतो. सिलेंडर जाड असतो म्हणून वजनाला जड, आणि किंमत एबीसीच्या दुप्पट-तिप्पट तरी धरा.

अजून एक, एबीसीवर काट्याचं मीटर असतं, काटा हिरव्यात असला की प्रेशर ठीक. सीओटूला मीटर नसतं, तो वजन करूनच तपासायचा, गॅसचं वजन 10 टक्क्याहून जास्त घटलं की रिफिल. आमच्याकडे एक माणूस यायचा तो नुसतं स्टिकर बदलून पैसे न्यायचा, वजनकाटा आणलाय का विचारलं तर हसायचा.

घरासाठी मात्र मी एबीसीच म्हणेन. 2 किलोचा की 4 चा? 4 चा जास्त वेळ चालतो हे खरं, पण दुपारी घरात एकटी आई असते, तिला उचलता आला पाहिजे. 2 किलोचा साधारण दहा सेकंदात रिकामा होतो, त्यामुळे ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडावर मारायचा. आयएसआय मार्क आणि आयएस 15683 हा मानकाचा नंबर बघून घ्या. लावायचा दाराजवळ, शेगडीच्या वर नाही, पेटल्यावर जाळातून हात घालून काढणार आहात का?

कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, भडका उडतो. आधी गॅस बंद, मग झाकण किंवा मोठी परात, आणि गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही. पावडर जवळून मारली तर तेल उडतं, आणि विझलं तरी तापलेलं तेल परत पेट घेतं. म्हणून वडापाव, फरसाण, खानावळ असा धंदा असेल तर वेट केमिकलचा (ओल्या रसायनाचा) सिलेंडर वेगळा घ्याच, लेबलवर के किंवा एफ लिहिलेलं असतं, तो तेलावर साबणासारखा थर धरतो आणि गारही करतो. महाग आहे, पण फ्रायर दिवसभर चालतो तिथे पर्याय नाही.

ई-स्कूटरच्या बॅटरीवर यातल्या कशाचाच भरवसा नाही, वरचा जाळ जातो पण सेल आतून तापत राहतात. लांब व्हा आणि 101 लावा.

सोसायटी किंवा धंद्याची जागा असेल तर महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमधे लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची साधनं चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो, तेव्हा तपासणी तुमच्या समोर करून घ्या.

माझ्याकडे आता मशीनच्या बाजूला 2 किलोचा सीओटू आणि कागदाच्या रॅकजवळ एबीसी आहे. त्या लग्नपत्रिका पदरचे पैसे घालून परत छापून दिल्या.