पगडीची खोली, मेलेला भाडेकरू आणि आमचे 7,40,000 रुपये

आधी आकडा. पगडी (भाडेहक्क मिळवायला द्यायची एकरकमी रक्कम) 6,50,000, दलाली 40,000, "मालकाच्या संमतीचे" 45,000 आणि नोटरी, स्टॅम्प, टायपिंग मिळून 5,000. एकूण 7,40,000. त्यातले 2,50,000 आरटीजीएसनं गेले, बाकी 4,90,000 रोख. माल काय, तर जुन्या शहरातल्या एका वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या, भाडं महिना 60 रुपये. आज चावी आमच्याकडे आहे आणि मालकाचा दावाही आमच्यावरच आहे.

अशा व्यवहारात काय होतं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या बाजारपेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. पण इथला भामटेपणा जरा वरच्या दर्जाचा होता. मेलेला भाडेकरू खरा. विकणारा नातूही खरा, आधार कार्डासकट. जुन्या पावत्या खऱ्या, काही तर उर्दूतल्या. खोटं घुसवलं ते बरोबर मधल्या वर्षांत.

कायदा काय म्हणतो ते आता तोंडपाठ झालंय. मराठवाड्यात आधी हैदराबादचा 1954 चा भाडे कायदा होता. तो जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला, 31 मार्च 2000 पासून. त्यातल्या कलम 7 मध्ये भाडेकरूची व्याख्या आहे. राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर हक्क जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. असं कुणी नसेल तरच वारसाकडे, आणि कोणता वारस हे त्यांच्यात ठरलं नाही तर कोर्ट ठरवतं. आमचा नातू पुण्यात नोकरीला. आजोबा 2016 ला वारले तेव्हा खोलीत एकटेच होते. दोन आत्या हयात. म्हणजे याच्या एकट्याच्या सहीला किंमत काय? शून्य.

त्यावर त्यांनी तोडगा काढला मृत्युपत्राचा. "आजोबांनी भाडेहक्क नातवाच्या नावे केलाय." कागद झकास, साक्षीदार दोन. पण भाडेहक्क मृत्युपत्रानं देता येत नाही. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्याखाली सुप्रीम कोर्टानं हे 1986 ला सांगितलं, 1994 ला पुन्हा सांगितलं. मृत्युपत्र दाखवून पगडी मागणारा दिसला की तिथूनच उठा.

आता त्या पावत्या. अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. 2011 ते 2015 चं छापील पावती पुस्तक, डावीकडे अनुक्रमांक, खाली एक रुपयाच्या तिकिटावर आडवी सही. वर मालकाचं नाव आणि त्याखाली पत्ता, शेवटचा शब्द: छत्रपती संभाजीनगर. पावतीची तारीख जून 2011! या नावाला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी जुलै 2022 ची, केंद्राची फेब्रुवारी 2023 ची. बोलण्यात संभाजीनगर 1988 पासून आहे, कबूल. पण 2011 च्या पावती पुस्तकावर "छत्रपती"सकट कोण छापणार होतं? शिवाय 60 रुपयांच्या पावतीला तिकीट कशाला? 2004 पासून 5,000 च्या वरच्याच पावतीला ते लागतं. सगळं कागदावर होतं, ठळक अक्षरात.

आणि तरी सांगतो, ते कुणालाही दिसलं नसतं. पावती हातात घेतली की माणूस नाव, रक्कम, तारीख, सही बघतो. स्वतःच्याच गावाचं नाव कोण वाचत बसतो? नोटरीनं वाचलं नाही, टायपिस्टनं वाचलं नाही, आमच्या बाजूनं कागद तपासायला बसलेल्या वकिलानंही नाही. आमच्यावर हसणाऱ्यांनी घरातली जुनी पावती काढून बघावी, तिच्यावर पत्ता काय छापलाय ते न बघता सांगता येतं का.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे दहा वेळा वाचा. नोटरीसमोर सही कुणी केली एवढंच ठरतं, मजकूर खरा की खोटा हे नाही. भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. कलम 26 नुसार करारात मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्यानं देता येत नाही, हक्कही दुसऱ्याला देता येत नाही. पगडी बेकायदा आहे असं मात्र नाही. कलम 56 नुसार भाडेकरू हक्क सोडायचे पैसे घेऊ शकतो, मालकही संमतीचे घेऊ शकतो. दलाल नेमकं हेच कलम मोबाईलवर दाखवतो. 26 दाखवत नाही.

मालकाची संमती म्हणजे सगळ्या मालकांची. मालमत्ता पत्रक सिटी सर्व्हेतून काढा, ऑनलाइनही मिळतं. आमच्या वाड्याच्या पत्रकावर चार भावंडं, संमतीपत्रावर सही एकाची, आणि तो म्हणतो तीही माझी नाही. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची सूची, बघा. ई-कोर्ट्सवर मालक आणि मयत भाडेकरू दोघांची नावं टाका, दावा आधीच चालू असेल तर तुम्ही तो पैसे मोजून विकत घेताय. महावितरणच्या बिलावर आणि घरपट्टीच्या भोगवटादार रकान्यात नाव चढलं म्हणून भाडेकरू होत नाही. नगरपालिकेच्या गाळ्याला तर हा कायदा लागूच नाही, सरकारी आणि स्थानिक संस्थेच्या जागा कलम 3 नं बाहेर ठेवल्यात. तिथं "पिढीजात हक्क" विकणारा सरळ थाप मारतोय. वक्फ आणि देवस्थानाच्या जागांचे नियम आणखी वेगळे.

मालक इतकी वर्षं गप्प का? कारण त्याला 60 रुपयांत काही रस नाही. कलम 11 ची वर्षाला 4 टक्के वाढ चक्रवाढीनं धरली तरी 2000 चे 60 रुपये पंचवीस वर्षांनी 160 होतात. गोठवलेलं भाडं अन्यायाचं आहे हे सुप्रीम कोर्टानंच 1997 ला म्हटलंय, आणि मालकांचं रडगाणं खोटं नाही. भाडेकरूंचंही नाही. पन्नास वर्षं पत्रे बदलले, मोरी बांधली, ते काय फुकट? पण या भांडणात मालकाला सगळ्यात सोयीचं काय, तर भाडेकरूच्या वारसानं जागा परस्पर विकावी. कलम 16 खाली बेकायदा हस्तांतराचं कारण आयतं मिळतं. एरवी नियमित भाडं भरणाऱ्याला तो सहजासहजी हलवू शकत नव्हता. आमच्या पैशानं त्याचा खटला मजबूत झाला.

आणि मग पोलीस. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." दिवाणी? बनावट पावती पुस्तक छापलं, खोटी सही केली, पैसे उकळले, हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं, 336 बनावट दस्ताचं. 3 वर्षं किंवा जास्त पण 7 वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात फार तर 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते, तीही डीवायएसपीच्या परवानगीनं. आमचा अर्ज महिनोन् महिने टेबलाखाली. वर सवाल असा की एवढी रोकड आणली कुठून! 2 लाख आणि त्यापुढची रोख घेणाऱ्यावर 2017 पासून बंदी आहे साहेब, घेणाऱ्याला विचारा ना. घरपट्टीच्या टेबलावर तर कहर. मेलेल्या माणसाच्या जागी भोगवटादार बदलताना एका प्रतिज्ञापत्रावर काम झालं, आता ती नोंद कशी झाली याची नक्कल मागितली तर "फाईल सापडत नाही". माहिती अधिकारात विचारलं तर तेच वाक्य, शिक्क्यासह.

ठाण्यात दाद लागत नसेल तर तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस आयुक्तांकडे किंवा अधीक्षकांकडे, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली. पोचपावती सांभाळा. मूळ पावत्या पोलिसांना देताना पंचनामा किंवा जप्तीची यादी घ्या, नुसत्या विश्वासावर देऊ नका. आमच्याकडे आज भक्कम पुरावा आहे तो फक्त 2,50,000 च्या आरटीजीएसचा. 4,90,000 साठी दलालाच्या वहीतलं एक पान आहे, "टोकन मिळाले" असं लिहिलेलं, रकमेशिवाय.

त्या दलालाचा फोन चालू आहे. सध्या तो त्याच वाड्यातल्या खालच्या गाळ्याचे 9 लाख मागतोय, "वारसांची सगळी कागदपत्रं तयार आहेत" म्हणून.