घरात शिरणारी वटवाघळे: कोणता उपाय, आणि तो कधी

घरात वटवाघूळ दिसले की बहुतेकांचा पहिला प्रश्न त्याला पळवायचे कशाने, हा असतो. त्याआधी दोन गोष्टी ठाऊक करून घेणे अधिक गरजेचे आहे: ते आत येते कुठून, आणि आत त्याची पिल्ले आहेत का. या दोन गोष्टी न पाहता केलेला उपाय बहुतेक वेळा वाया जातो, आणि काही वेळा मूळ त्रासापेक्षा मोठा त्रास घरात आणतो. आमच्या घरी नेमके हेच घडले, म्हणून निरनिराळ्या उपायांची तुलना करताना मी या दोन प्रश्नांकडे पुन्हा पुन्हा वळणार आहे.

एका नावाखाली आपण तीन निरनिराळ्या अडचणी मोजतो. चुकून खोलीत शिरलेले एखादे वटवाघूळ, रात्री सज्जाखाली येऊन लटकणारे फलाहारी वटवाघूळ, आणि छपरात बिऱ्हाड केलेली वटवाघळे, या तिन्हींना एकच इलाज लागू पडत नाही.

खोलीत चुकून शिरलेले वटवाघूळ

येथे पर्याय दोनच: त्याला स्वतःहून जाऊ देणे किंवा पकडून बाहेर सोडणे. ते उडत असेल तर पहिलाच मार्ग बरा. छताचा पंखा लगेच बंद करावा, कारण या प्रसंगात वटवाघळाला सर्वांत मोठा धोका पंख्याच्या पात्यांचा असतो. मग घरातली इतर दारे लावून घ्यावीत, बाहेरच्या खिडक्या जाळीसकट पूर्ण उघडाव्यात, दिवे मालवावेत आणि आपण भिंतीला टेकून स्वस्थ उभे राहावे. फेऱ्या मारताना ते भिंतीजवळ वर चढते आणि खोलीच्या मध्यावर खाली उतरते. त्यामुळे मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला ते अंगावर येत असल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ते फक्त वाट शोधत असते. झाडू, टॉवेल किंवा रॅकेट उगारल्याने त्याच्या पंखातली बोटांची बारीक हाडे मोडतात, आणि घाबरलेले जनावर चावण्याची शक्यताही वाढते.

ते पडद्याला किंवा भिंतीला चिकटून बसले असेल, किंवा दिवसाउजेडी सापडले असेल, तर दुसरा मार्ग घ्यावा. जाड हातमोजे घालून त्याच्यावर एखादा डबा किंवा खोके अलगद पालथे धरावे, मागून कडक पुठ्ठा सरकवावा आणि अंधार पडल्यावर ते खोके बाहेर उंचावर, झाडाच्या बुंध्याला किंवा भिंतीला टेकवून उघडावे. जमिनीवर ठेवू नये. बऱ्याच जातींना सपाट जमिनीवरून उड्डाण घेणे जड जाते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वटवाघूळ चावले असेल, ओरखडले असेल, किंवा झोपलेल्या माणसाच्या अथवा लहान मुलाच्या खोलीत सापडले असेल, तर त्याला लगेच सोडून देऊ नये. त्याच्या दातांची खूण इतकी बारीक असते की ती नजरेतून सुटू शकते. अमेरिका खंडांत वटवाघळांतून रेबीज होत असल्याचे सिद्ध आहे, आणि युरोप व ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांत रेबीजच्या जवळचे विषाणू आढळलेले आहेत. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो, मात्र वेळेवर घेतलेल्या लशीने तो टाळता येतो. म्हणून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि वटवाघूळ खोक्यातच ठेवून त्याचे काय करायचे हे त्यांना विचारावे. रेबीजची तपासणी वटवाघळाच्या मेंदूची होते, त्यामुळे डोके ठेचले गेल्यास तपासणीच अशक्य होते.

सज्जाखाली रात्री येणारे

सकाळी भिंतीवर ओघळलेले डाग, खाली फळांचा चघळून टाकलेला चोथा आणि बिया, पण दिवसा तेथे कोणीच नाही, असे चित्र असेल तर ते फलाहारी वटवाघूळ आहे. त्याचे घर तेथे नाही. झाडावरचे फळ आणून निवांत खाण्यापुरता त्याला आसरा हवा असतो. या ठिकाणी दिवा आणि जाळी यांची तुलना सोपी आहे. रात्रभर लावलेला प्रखर दिवा काही ठिकाणी उपयोगी पडतो, काही ठिकाणी वटवाघूळ दोन हात अंधाराकडे सरकते आणि तेथे बसते. लटकण्याच्या जागेलाच घट्ट ताणलेली जाळी लावणे किंवा तेथे हलत्या पट्ट्या जवळजवळ टांगणे हा त्याहून खात्रीचा इलाज आहे, कारण त्यामुळे झेपावून चिकटायला मोकळी जागाच उरत नाही. जाळी सैल मात्र ठेवू नये, नाहीतर पंख अडकतात. दिवसा तेथे कोणी राहत नसल्यामुळे हा उपाय दिवसाच्या उजेडात निर्धास्तपणे करता येतो.

छपरातले बिऱ्हाड

निर्णय खरा अवघड येथे आहे. कौले, पत्रे, लाकडी अस्तर किंवा खोटे छत यांच्या पोकळीत कीटकभक्षी वटवाघळे राहू लागतात आणि वर्षानुवर्षे त्याच जागी परततात. ती उंदरासारखी कुरतडत नाहीत, घरटे बांधत नाहीत, स्वतः भोकही पाडत नाहीत. आधीच असलेली फट वापरतात, आणि लहान जातींना साधारण एक सेंटिमीटरची फट पुरते. लेंडीवरून ओळख पटते. उंदराची वाळलेली लेंडी कठीण असते. वटवाघळाची लेंडी कागदाच्या घडीत धरून दाबली की तिचा भुगा होतो, आणि त्या भुग्यात कीटकांच्या पंखांचे तुकडे बारीक चकाकतात. फटीच्या कडेला अंगाच्या तेलाचा तपकिरी चिकट डागही दिसतो.

बाजारात सर्वांत आधी हाती लागतात ते पळवून लावणारे उपाय: डांबरगोळ्या, धूर, निरनिराळे उग्र वास, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी अल्ट्रासॉनिक यंत्रे. यांतला एकही मी सुचवणार नाही. मोकळ्या छपरात परिणाम व्हायला डांबरगोळ्या इतक्या लागतात की त्यांची वाफ खाली राहणाऱ्या माणसांनाच अपायकारक ठरते, आणि वास विरला की वटवाघळे परत येतात. अल्ट्रासॉनिक यंत्रांनी वटवाघळांचे बिऱ्हाड कायमचे हलते याला भरवशाचा आधार नाही. धुराने आगीचा धोका ओढवतो. छपरात दिवा लावल्याने मोठी वटवाघळे कधीकधी हलतात, पण पिल्ले असतील तर ती मागे राहतात. विष आणि चिकट सापळे तर पूर्ण वगळावेत. त्यांनी मरणारे वटवाघूळ फार यातना सोसून मरते, मरणोन्मुख वटवाघळे खाली पडून मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागतात, आणि फट उघडीच राहिल्याने जागा पुन्हा भरते. शिवाय अनेक देशांत हा गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार वटवाघळांच्या वस्तीची जागा ती तेथे नसतानाही परवान्याशिवाय बंद करता येत नाही. आपल्याकडचा नियम काय आहे, हे वन खात्याला विचारूनच कामाला हात घालावा.

दुसरा पर्याय फट थेट बुजवण्याचा. हा स्वस्त आणि झटपट वाटतो, म्हणून आम्हीही तोच निवडला होता. दुपारी गवंडी आला, पत्र्याखालची फट सिमेंटने भरली, आणि तासाभरात काम संपले. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या खाचेतून आधी एक काळे, सुरकुतलेले पंखाचे टोक खाली आले, मग अंगठ्याएवढे डोके, आणि मग अख्खे वटवाघूळ जेवणाच्या टेबलावर उतरले. त्याच्या मागोमाग आणखी दोन आली. बाहेरची वाट बंद झाल्यावर ती घरातल्या उजेडाकडे आणि वाऱ्याच्या झुळकेकडे सरकली होती. जी सरकू शकली नाहीत त्यांचा वास पुढचे दोन आठवडे छतातून येत राहिला. दिवसाढवळ्या, आत वटवाघळे असताना फट बुजवणे म्हणजे त्यांना घरात कोंडणे, हे त्या दिवसांनी मला शिकवले, आणि त्या मृत जिवांबद्दलची टोचणी अजून गेलेली नाही.

तिसरा पर्याय एकतर्फी वाटेचा, आणि बहुतेक घरांसाठी मी तोच निवडावा असे सांगेन. त्यामागची कल्पना साधी आहे: वटवाघळाला बाहेर पडता यावे, पण परत शिरता येऊ नये. मुख्य फटीवर बारीक भोकांची, साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली प्लॅस्टिकची जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की लावतात, खालची बाजू मोकळी ठेवतात, आणि ती फटीच्या खाली हातभर लोंबू देतात. फट भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची आणि २५ सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत नळी बसवतात. संध्याकाळी वटवाघूळ बाहेर येते, जाळीच्या आतून खाली घसरते आणि उडून जाते. पहाटे परतते तेव्हा ते नेहमीच्या फटीपाशी, म्हणजे जाळीच्या वरच्या भागावर येऊन आपटते, आणि खालून वळसा घालून आत जाण्याचे त्याला सुचत नाही. नळीत तर गुळगुळीत पृष्ठभागावर त्याच्या नख्यांना पकडच मिळत नाही.

या उपायाची किंमत पैशापेक्षा वेळात आणि लक्षात मोजावी लागते. आधी मुख्य वाट सोडून बाकीच्या सर्व फटी बंद कराव्या लागतात, नाहीतर ती शेजारच्या फटीतून परत शिरतात. त्या फटी बंद करण्यापूर्वी तेथून कोणी येत-जात नाही ना, हे पाहावे लागते. त्यासाठी सूर्यास्ताच्या थोडे आधीपासून तासभर दोघांनी घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभे राहून कुठून किती बाहेर पडतात ते मोजावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण एका संध्याकाळच्या मोजणीने जे कळते ते दहा वेळा छपरात डोकावून कळत नाही. जाळी लावल्यावर किमान ५ ते ७ रात्री ती तशीच ठेवावी, थंडी किंवा मोठा पाऊस असेल तर अधिक, कारण अशा हवेत ती काही रात्री बाहेर पडतच नाहीत. लागोपाठ दोन संध्याकाळी एकही बाहेर आले नाही की जाळी काढून ती फट पक्की करावी. लहान फटींना सीलंट चालते, मोठ्या जागी धातूची जाळी बरी. फुगणारा फोम ओला असताना अंगाला चिकटतो, म्हणून तो रिकाम्या फटीतच वापरावा.

आता पिल्लांचा प्रश्न, आणि माझ्या लेखी साऱ्या तुलनेत वजनदार गोष्ट हीच आहे. बहुतेक वटवाघळांची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. कीटकभक्षी लहान जातींची पिल्ले साधारण तीन ते सहा आठवड्यांची होईपर्यंत उडू शकत नाहीत. त्या काळात एकतर्फी वाट लावली तर आया बाहेर आणि पिल्ले आत, असे होते: पिल्ले उपाशी मरतात, आणि आया कोणत्याही फटीतून, अगदी उघड्या खिडकीतूनही, घरात शिरण्याचा प्रयत्न करतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत हा काळ मोटामोटी मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत असतो. उष्ण प्रदेशांत तो जातीगणिक बदलतो आणि काही जातींची वीण वर्षातून दोनदा होते, त्यामुळे तारखेवर विसंबू नये. संध्याकाळी मोठी वटवाघळे उडून गेल्यावरही छपरातून बारीक चिवचिव येत राहिली, तर पिल्ले आहेत असे समजून काम काही आठवडे पुढे ढकलावे. थंड देशांत हिवाळी झोपेतल्या वटवाघळांबाबतही हाच नियम आहे.

थांबण्याच्या या काळासाठी चौथा पर्याय कामी येतो: त्यांना छपरात राहू द्यावे आणि आपण फक्त राहत्या घराची बाजू बंद करावी. दिव्यांच्या खाचा, तारांची भोके, माळ्याच्या दाराच्या कडा आणि भिंत-छताचा सांधा बुजवला की वटवाघूळ खोलीत उतरणे थांबते, वर मात्र कोणी कोंडले जात नाही. वस्ती लहान असेल, वास आणि आवाज सोसण्याजोगा असेल, तर हा पर्याय तात्पुरता न ठेवता कायमचा स्वीकारायला हरकत नाही. ही जनावरे रात्रभर कीटक खातात, आणि आपल्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. घरात श्वासाचा विकार असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले कोणी असेल, किंवा छताच्या फळ्या विष्ठेच्या ओझ्याने वाकू लागल्या असतील, तर मात्र हा पर्याय सोडून द्यावा.

वटवाघळांसाठी लाकडी पेटी लावणे हा पूरक उपाय आहे, पर्याय नव्हे. पेटी लावली म्हणून छपरातली वस्ती आपोआप तेथे जात नाही. पेटी आधीपासून लावलेली असेल तर वाट बंद झाल्यावर काही जण ती स्वीकारतात, काही नाही. पकडून दूर नेऊन सोडणेही निरुपयोगी, कारण ती कित्येक किलोमीटरवरून घरी परततात.

काम स्वतः करावे की माणूस बोलवावा, हे उंचीवर आणि विष्ठेवर अवलंबून ठेवावे. शिडीवरून हाताला येणारी एक-दोन फटींची जागा घरच्या घरी होते. उंच छप्पर, अनेक फटी किंवा वर्षानुवर्षांचा साठा असेल तर जाणकार बोलवावा, आणि त्याला पहिला प्रश्न पिल्लांच्या काळाविषयी विचारावा. "औषध मारतो, एका दिवसात मोकळे करतो" असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा.

वस्ती हलल्यानंतर छपरातली विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्यात वाढणाऱ्या बुरशीच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ शकतो. आधी पाण्याने हलके भिजवून, एन-९५ दर्जाचा मास्क आणि हातमोजे घालून ती फावड्याने पिशवीत भरावी, आणि पिशवीचे तोंड छपरातच बांधून मग ती खाली उतरवावी.