टारझन आधी बघायचा की साबूचा हत्ती?

बोलपट नवे नवे होते तेव्हाचे, म्हणजे 1930 ते 40 च्या दरम्यानचे जंगल-साहस-प्रेमकथा टाइपचे पिक्चर बघायचेत, त्यात गोऱ्यांशिवाय बाकीची माणसं कशी दाखवलीत तेही बघायचंय, आणि हातात एकच रविवार आहे, तर माझ्या मते चॉइस दोघांतच आहे, ‘टारझन द एप मॅन’ (1932) आणि ‘एलिफंट बॉय’ (1937). पहिला साधारण 100 मिनिटांचा, दुसरा 80 चा. दोन्ही बघताना एकच बघायचं, रंग कोणाच्या तोंडाला फासलाय.

टारझन आधी घेऊ. जॉनी वाइसमुलर म्हणजे पोहण्यात 5 ऑलिंपिक गोल्ड मिळवलेला गडी, आणि मॉरीन ओ’सलिव्हनची जेन. दोघांची जोडी आजही झकास वाटते, जेन घाबरते पण लाजून कोपऱ्यात बसत नाही, उलट तिलाच त्या माणसाबद्दल कुतूहल जास्त. रोमान्स हवा असेल तर प्रश्नच नाही, हाच लावा. पण पिग्मी (आफ्रिकेतल्या बुटक्या लोकांची जमात) म्हणून जे दाखवलेत ते चेहरा काळा केलेले बुटके गोरे लोक आहेत!! आणि हत्ती तर आपल्याकडचे, आशियाई, त्यांना मोठे खोटे कान लावून आफ्रिकन केलंय. एकदा ते कळलं की नजर कानांवरच जाते राव. त्याहून वाईट म्हणजे कड्यावरचा सीन. सामान वाहणारा एक हमाल खाली पडतो, मरतो, आणि लगेच चौकशी काय तर त्याच्या गाठोड्यात काय होतं. त्या माणसाला ना नाव ना काही, मी तिथे पॉज करून दोन मिनिटं बसलो होतो.

एलिफंट बॉय मध्ये बरोबर उलटं. हत्ती खरे, म्हैसूरकडचे, आणि हिरो साबू पण तिकडचाच, कारापूरचा, माहुताचा पोरगा. किपलिंगच्या गोष्टीवरचा पिक्चर. सुरुवातीलाच फेटा बांधलेलं हे पोर कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागतं, आणि हत्तीवर असा बसतो की घरच्या ओट्यावर बसलाय. ब्रिटिश पिक्चर, तरी मेन रोलमध्ये भारतीय मुलगा, त्या काळात ही लहान गोष्ट नाही. पण रंग इथेही लागलाय, माचुआ अप्पा म्हणून जो म्हातारा आहे तो ॲलन जेज नावाचा इंग्रज नट. शहाणपण शेवटी साहेबाकडेच, हेही आहेच. आणि प्रेमकथा शून्य, पोरगं लहान आहे म्हणून इथे ठीक, पण पुढे ‘द थीफ ऑफ बगदाद’ (1940) मध्ये सुद्धा राजकन्या गोऱ्या हिरोला आणि साबूला काय, तर उडता गालिचा. (स्पॉयलर झाला, सॉरी.) साबूच्याच मधल्या ‘द ड्रम’ (1938) मध्ये भारतीय लोक जसे दाखवलेत त्यावरून तर मुंबईत लोक रस्त्यावर उतरले होते.

किंग काँग (1933) लिस्टमध्ये का नाही असं कोणी विचारेल म्हणून पटकन. बेटावरच्या टोळीचा प्रमुख झालेला नोबल जॉन्सन खरोखर कृष्णवर्णीय नट होता, आणि गंमत म्हणजे 1932 च्या ‘द मोस्ट डेंजरस गेम’ मध्ये त्यालाच गोरा रंग लावून कोसॅक, म्हणजे रशियाकडचा लढवय्या गडी, केलंय! पण काँगमध्ये त्याच्या वाट्याला फार काही नाही. हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांत गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायला बंदीच होती आणि 1934 पासून ते नियम कडक पाळले जायला लागले, त्यामुळे असल्या नटाला हिरॉइन मिळणार तरी कुठून.

तर मुलं सोबत असतील किंवा रविवारी एकच बघणार असाल तर एलिफंट बॉय. दोन बघणार असाल तर टारझन दुसरा, आधी नको, कारण खरे हत्ती बघून झाले की ते खोटे कान जास्त मजा देतात.

आणि रात्री दम उरला तर आपल्या मुंबईच्या वाडिया मूव्हिटोन कंपनीचा ‘मिस फ्रंटियर मेल’ (1936). ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सोनेरी केसांची नादिया यात चक्क सविता आहे, ट्रेनच्या टपावर गुंडांना बडवते, आणि तिला मात्र कोणी सावळा रंग फासायच्या भानगडीत पडलं नाही.