घरी शिवलेल्या पद्मिनीच्या सीटा : आठ महिने वापरल्यावर

बाबांच्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीचं आतलं सगळं काम मी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये केलं. मागच्या दिवाळीनंतर सीटा काढल्या आणि रंगपंचमीच्या आदल्या रात्री शेवटचा टाका घातला. दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, त्यामुळे नव्या सीटा घेऊन घराबाहेर पडायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मात्र गाडी रोज चालते आहे. ऑफिस, सियागंजचा बाजार, दोनदा महेश्वर, एकदा उज्जैन. काम संपल्या दिवशीचे फोटो सगळ्यांचेच सुंदर येतात, म्हणून मी मे आणि ऑगस्ट जाऊ दिले आणि आता लिहायला बसले.

मला ओढ होती ती जुन्या अमेरिकन हॉट रॉडच्या सीटांची. 1932 च्या फोर्डसारख्या गाड्या पोरं जुन्यात घ्यायची, इंजिन तगडं करायची आणि आत उभ्या, फुगीर नळ्यांची शिलाई करून घ्यायची. तिला टक अँड रोल म्हणतात. 1950-60 च्या दशकांत कॅलिफोर्नियातले लोक हे काम स्वस्तात करून घ्यायला सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला जात. आपल्याकडे इंजिन बदलणं, छत कापून खाली घेणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतं, गाडी आरसीवरच्या नोंदींशी जुळायला हवी. आणि बाबांच्या 1089 सीसीच्या इंजिनाला हात लावायची माझी इच्छाही नव्हती. बसायच्या जागा होत्या तेवढ्याच ठेवल्या आणि हौस आतल्या कामावर भागवली.

रंग मात्र इंदूरचा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकात जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, त्यातल्या दिवे बसवलेल्या लाल आरामखुर्च्यांचे फोटो मी लहानपणापासून पाहत आले आहे. तसा लाल मधल्या नळ्यांना आणि बाजूंना काळा.

आधी मशीनबद्दल, कारण तिथेच माझा महिना गेला. आईच्या घरच्या मशीनवर एक पदर रेक्झिन आणि पातळ फोम कसाबसा शिवला जातो. पाइपिंगसकट चार पदर आले की संपलं. साध्या मशीनचे दाते कापड फक्त खालून ओढतात. वरचं रेक्झिन दाबपट्टीला चिकटतं आणि मागे राहतं, शिवण संपेपर्यंत वरचा पदर बोटभर जास्तीचा उरलेला असतो. शेवटी दप्तरं शिवणाऱ्या एका कारखान्यातून जुनं वॉकिंग फूट मशीन घेतलं. त्याची दाबपट्टी वरूनही पाऊल टाकत कापड पुढे नेते. ज्यांना एकच सीट शिवायची आहे त्यांनी असं मशीन चार दिवस भाड्याने मिळतंय का पाहावं, पण घरच्या मशीनशी झटापट करू नये.

आता नळ्यांचा हिशेब. समोरच्या बाकाचा मधला भाग 48 इंच, नळी दीड इंचाची, म्हणजे 32 नळ्या. मी शिवणीसाठी दोन इंच जास्त धरून 50 इंच कापड कापलं आणि शिवून झाल्यावर मोजलं तर 43! खाली अर्धा इंच फोम घेतला की प्रत्येक नळी फुगताना साधारण पाव इंच कापड खाते. म्हणजे दीडच्या नळीला पावणेदोन इंच आखायचे, आणि 32 नळ्यांना 56 इंच झाले, शिवाय कडेची शिवण. माझ्या रेक्झिनचा पन्हा 54 इंचांचा, म्हणजे जोड आलाच. तो एका नळीच्या खाचेत बसवला. आठ महिने झाले, अजून कुणाला दिसलेला नाही आणि उसवलेलाही नाही.

उसवलं ते दुसरीकडे. ड्रायव्हरच्या बाजूची बाहेरची कड, जिथून आपण रोज घसरत उतरतो, तिथे जूनमध्ये चिरा दिसल्या. दोरा शाबूत होता, रेक्झिनच फाटलं होतं. सुरुवातीच्या शिवणीला मी तीन मिलिमीटरचा टाका ठेवला होता, बारीक म्हणजे मजबूत असं समजून. रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही. भोकं इतकी जवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी कड तयार झाली आणि ओढ बसताच फाटली. पाच मिलिमीटरच्या टाक्यावर शिवलेला मागचा बाक जसाच्या तसा आहे. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. मागच्या काचेखालच्या शिवणीवर दिवसभर ऊन असतं, ती आजही घट्ट आहे.

फोमच्या बाबतीत मी पहिल्यांदा चुकले. दुकानात बोटाने दाबून पाहिला, मऊ लागला, घेतला. महेश्वरच्या पहिल्या फेरीत, जाम घाट उतरेपर्यंतच कंबर बोलायला लागली. मेअखेर बाकावर सरळ पट्टी आडवी ठेवून पाहिली तर ड्रायव्हरच्या जागी पाऊण इंचाचा खळगा. सीट परत उघडली, तळाला चिप फोम (फोमचे तुकडे दाबून केलेला टणक फोम), त्यावर 40 डेन्सिटीचा घट्ट फोम आणि मऊ फोम फक्त वरच्या नळ्यांत, असं केलं. आता पट्टीखाली जेमतेम कागद सरकतो. उघडताना एक गोष्ट पाहून बरं वाटलं. स्प्रिंगांवर मी दुहेरी गोणपाट ताणून बांधलं होतं, तिथे फोम खालून शाबूत होता. एका कोपऱ्यात गोणपाट कमी पडलं होतं, तेवढ्यात तारांनी फोम जाळीसारखा कापून काढला होता. बाहेरून यातलं काहीच दिसलं नसतं. कव्हर हॉग रिंगांनी (पकडीने दाबून बसवायच्या तारेच्या कड्यांनी) अडकवलेलं असल्यामुळे ही दुरुस्ती एका रविवारात झाली. कव्हर तळाला चिकटवून टाकू नका.

इंदूरचा मे छताला सोसला नाही. मी साधं कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह वापरलं होतं. दुपारी बंद गाडी तापली की ते मऊ पडायचं आणि छताचं कापड कडेने सुटून आईच्या डोक्यावर यायचं. उष्णता सोसणारं घेऊन पुन्हा लावलं. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं असतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ही वेळ फार लवकर येते, म्हणून हातभर भागच घ्यावा आणि पुढे सरकावं.

पावसाळ्यात दारांनी धडा शिकवला. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जायचं असतं. आतल्या पुठ्ठ्यामागे कंपनीने लावलेला प्लास्टिकचा पडदा मी जुना कचरा समजून फाडून टाकला होता. जुलैत दोन्ही पुढची पॅनल पापडासारखी फुगली. आता जाड प्लास्टिक चिकटवलं आहे आणि हार्डबोर्डाऐवजी पीव्हीसी बोर्ड आहे. खालची भोकं तारेने मोकळी केली. गालिच्याखालचा नमदाही पाणी धरून कुबट वास मारत होता, तिथे पाणी न पिणारा फोम टाकला.

दारांवर मी माहेश्वरी कापडाची पट्टी बसवली होती, चटई नक्षीच्या काठाची. इतकी देखणी दिसायची! पण रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेलं ते तलम कापड कोपराचा घाम आणि घासणं कसं सोसणार? तीन महिन्यांत विरलं. मला अजून वाईट वाटतं.

मशीन सोडून खर्च साधारण 27 हजार, त्यात दुसऱ्यांदा घेतलेला फोम आणि दारं धरली आहेत.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. मार्चमध्ये बसले तेव्हा रंगाचं कौतुक केलं आणि मांडीखाली हात देत राहिले. गेल्या आठवड्यात उज्जैनहून परत आलो तर दारात उतरून म्हणाले, "बेटा, आज कमरेची आठवण नाही झाली." ड्रायव्हरच्या कडेचा तुकडा कापून ठेवला आहे, पाच मिलिमीटरच्या टाक्यावर तो या रविवारी शिवते आहे.